'सेव्हन एजेस ऑफ रॉक' : गोष्ट नेमकी कुठून सुरू करायची?

तबकडी :

बीबीसीची 'सेव्हन एजेस ऑफ रॉक' पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून काढली. मनात बरंच साठलंय, ते इथल्या जाणकारांपुढे मांडल्याशिवाय राहवत नाही. २००७ साली बीबीसी टूवर आलेली सात भागांची मालिका आहे ही. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी ढोबळ आराखडा देते. पहिला भाग साठच्या दशकातल्या लंडनच्या ब्लूजवेड्या (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं संगीत) पोरांचा : रोलिंग स्टोन्स, द हू, क्रीम, किंक्स, आणि या सगळ्यांना मागे टाकून पुढे निघून जाणारा जिमी हेंड्रिक्स. दुसरा आर्ट रॉकचा, म्हणजे प्रयोगशील रॉकचा. त्यात व्हेल्वेट अंडरग्राउंड, पिंक फ्लॉइड, डेव्हिड बोवी, रॉक्सी म्युझिक, जेनेसिस. तिसरा पंक, चौथा हेवी मेटल, पाचवा स्टेडियम भरवणाऱ्यांचा, सहावा अमेरिकन अल्टरनेटिव्हचा आणि सातवा ब्रिटिश इंडीचा.

मालिका मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांनी ती गाणी केली तीच माणसं समोर बसून बोलतात, आणि जुनं चित्रीकरण तर डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. एकेका प्रवाहाला पूर्ण एक भाग दिल्यामुळे धावपळ होत नाही. व्हेल्वेट अंडरग्राउंड आणि पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट एकाच तासात बघितले की न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये एकाच वेळी काय शिजत होतं ते लख्ख दिसतं.

सलते ती गोष्ट एकच, पण मोठी आहे. पहिल्या भागाचं नाव 'द बर्थ ऑफ रॉक'. म्हणजे जन्म. आणि तो झाला कुठे, तर लंडनच्या क्लबांमध्ये, १९६३च्या आसपास! अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं काय? चक बेरीचं 'मेबेलीन' १९५५चं आहे, लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' त्याच वर्षीचं. बिग मामा थॉर्नटनने 'हाउंड डॉग' ध्वनिमुद्रित केलं १९५२मध्ये, गोऱ्या एल्व्हिस प्रेस्लीच्या चार वर्षं आधी. त्याच्याही मागे १९५१मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणं झालं. तिथे येताना बँडचा अँप्लिफायर बिघडला होता. फिलिप्सने फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसाच वाजवायला लावला, आणि विली किझार्टच्या गिटारला तो खरखरीत आवाज आला. ज्या आवाजावर मालिकेचे सातही भाग उभे आहेत, तो आवाज १९५१मध्ये हजर होता.

ही मंडळी मालिकेत येतात ती दुसऱ्यांच्या तोंडून, 'आम्ही यांना ऐकत होतो' एवढ्यापुरती. माणसं तीच, संगीत तेच, पण गोष्टीत त्यांचं काम फक्त इतरांना जागं करण्याचं. तुम्हाला हे खटकलं का? की मीच फार ताणतेय?

सांजसकाळ :

मस्त धागा! वाचतेय. मी फक्त दुसरा आणि तिसरा भाग बघितलाय, त्यामुळे तूर्तास नुसती पोच.

खर्ज :

तबकडी, तुमचा मुद्दा पोचला, पण मी मालिकेच्या बाजूने बोलणार आहे.

ही मालिका पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची नाही, त्यानंतरच्या रॉकची आहे. चक बेरी तीन मिनिटांची, नाचायची, तरुण पोरापोरींची गाणी लिहीत होता आणि त्या कामात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. साठच्या दशकात लंडनला जे घडलं ते वेगळं होतं. एक तर आवाजाचा आकारच बदलला. जिम मार्शलचं पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला वाद्यांचं दुकान होतं. त्याच्या माणसांनी फेंडरच्या बेसमन अँप्लिफायरवरून आपला पहिला अँप्लिफायर बनवला. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड तिथलं गिऱ्हाईक. त्याला अजून मोठा आवाज हवा होता, मग शंभर वॉटचा झाला. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरला आणि 'यू रिअली गॉट मी'ची ती फाटकी, दात विचकणारी धून निघाली. १९६४ साल. मी बेस वाजवतो. त्या दोन सुरांत जो धक्का आहे तो मला 'मेबेलीन'मध्ये ऐकू येत नाही.

आणि हेंड्रिक्सचंच बघा. अमेरिकेत तो लिटल रिचर्डच्या आणि आयझली ब्रदर्सच्या मागे उभा राहून वाजवत होता, पण त्याच्या नावाची दखल कुणी घेतली नव्हती. सप्टेंबर १९६६मध्ये अॅनिमल्सचा बेसवादक चॅस चँडलर त्याला लंडनला घेऊन आला, आणि काही महिन्यांत क्रीमचा एरिक क्लॅप्टन, टाउनशेंड त्याला ऐकायला गर्दीत उभे होते. त्याला हेंड्रिक्स केलं लंडनने. मग जन्म तिथे झाला म्हटलं तर बिघडलं कुठे?

तबकडी :

खर्ज, अँप्लिफायरचा मुद्दा एकदम मान्य. त्यावर माझं भांडणच नाही.

पण हेंड्रिक्स लंडनला उतरला तो तयार होऊन. दक्षिणेकडच्या काळ्यांच्या क्लबांतून वर्षानुवर्षं रात्र रात्र वाजवून आलेला माणूस होता तो. गिटार मानेमागे नेऊन वाजवणं बघून लंडनचे लोक थक्क झाले, पण ब्लूजचा गिटारवादक टी-बोन वॉकर चाळीसच्या दशकापासून ते करत होता. लंडनने हेंड्रिक्सला प्रसिद्धी दिली, पैसा दिला, वाजवायला मोकळीक दिली. हे फार मोठं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्याचं संगीत त्याने सोबत आणलं होतं. मालिका त्याच्याकडे लंडनच्या विमानतळापासून बघायला लागते, त्यामुळे तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

जाळीदार :

फाटलेल्या स्पीकरवरून आठवलं. अमेरिकन गिटारवादक लिंक रेने 'रंबल'साठी आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती, १९५८मध्ये. म्हणजे डेव्हिसच्या ब्लेडच्या सहा वर्षं आधी. त्या गाण्यात एक शब्द नाही, तरी अमेरिकेत काही रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली होती. खर्ज, तुम्ही म्हणता तो धक्का 'रंबल'मध्ये ऐकून बघा, सावकाश येतो पण चुकवता येत नाही.

खर्ज :

@जाळीदार, 'रंबल'बद्दल वाद नाही. तो धक्का आहेच.

कोमलरिषभ :

तबकडी, तू ज्याच्याबद्दल बोलतेयस त्याचं एक जिवंत चित्रीकरण आहे आणि ते या मालिकेत यायलाच हवं होतं. तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

मे १९६४. मँचेस्टर. ग्रॅनडा टेलिव्हिजनने विल्ब्रॅहम रोड नावाचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन घेतलं आणि तिथे ब्लूज आणि गॉस्पेलचा (काळ्यांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचा) कार्यक्रम केला. प्रेक्षक एका फलाटावर, कलाकार समोरच्या फलाटावर, मधे रूळ. मडी वॉटर्स होता, सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी होते. आणि गॉस्पेलची काळी गायिका-गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प होती. ती घोडागाडीतून येते, उतरते. अंगात पांढरा लांब कोट. पाऊस पडत असतो, फलाट ओला चिंब. ती पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि 'डिडन्ट इट रेन' सुरू करते. सोलो वाजवताना तिचा उजवा हात बघा. तारेवर आघात केला की ती हात झटकन बाहेर फेकते, आवाज भिरकावून दिल्यासारखा. आणि चेहऱ्यावर जराही ताण नाही. समोरच्या फलाटावर थंडीत कोटात गुरफटलेली ब्रिटिश तरुण मुलं टाळ्या वाजवतायत, त्यांना टाळीची जागा नीट सापडत नाहीये.

तेव्हा ती ४९ वर्षांची होती. तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, इलेक्ट्रिक गिटार घेऊन. म्हणजे ती पहिल्या भागातल्या पोरांची पूर्वज होती हे खरं, पण त्याच वर्षी, त्याच देशात, त्यांच्यासमोर उभी राहून वाजवणारी त्यांची समकालीनही होती! हाच मुद्दा निसटतो. लोकांना एकदा 'मूळ' म्हणून खाली गाडलं की ती आज काय करतायत ते बघायची गरज उरत नाही.

त्या कार्यक्रमाची सजावट बघितली की हे आणखी बोचतं. कलाकारांचा फलाट त्यांनी जुन्या अमेरिकन दक्षिणेसारखा सजवला होता, शेळ्या-कोंबड्यांसकट. बाई आणतेय त्या काळातली सगळ्यात नवी गिटार, आणि तिच्याभोवती मांडलाय जुना काळ. मडी वॉटर्सबाबतही १९५८मध्ये हेच झालं होतं. तो इंग्लंडला इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तर काही श्रोते नाराज, कारण त्यांना शेतावरचा साधा ब्लूज हवा होता. त्याने तर शिकागोत कधीच वीज लावली होती.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने थार्पला घेतलं २०१८मध्ये. ती १९७३मध्ये गेली.

तबकडी :

कोमलरिषभ, तू माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडलास. 'समकालीन'. बरोबर हेच म्हणायचं होतं.

सांजसकाळ :

आत्ताच शोधून बघितलं ते चित्रीकरण. तीनदा. अंगावर काटा आला.

पडद्यामागे :

मी माहितीपटांच्या संकलनाचं काम करतो, तर या चर्चेत एक बाजू माझीही.

प्रेक्षक म्हणतो की यांनी अमुक वगळलं. आमच्या टेबलावर प्रश्न वेगळा असतो : दाखवायला काय आहे? ब्लूजचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन १९३८मध्ये गेला, त्याचं हलतं चित्र कुठेच नाही, मोजके फोटो आहेत. त्याच्यावर दहा मिनिटं करायची तर रस्ते, शेतं, सूर्यास्त दाखवावे लागतात, आणि प्रेक्षकाला तो माणूस दंतकथा वाटू लागतो. याउलट १९६४ नंतरच्या ब्रिटिश गटांची टीव्हीवरची दृश्यं मिळतात. मग गोष्ट आपोआप तिकडे झुकते. कॅमेरा जिथे होता तिथेच इतिहास घडला असं भासायला लागतं.

आणि जे टिपलं गेलं तेही सगळं उरलेलं नाही. बीबीसीचा लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम 'टॉप ऑफ द पॉप्स' १ जानेवारी १९६४ला सुरू झाला. पहिल्या दहा-बारा वर्षांतले बहुतेक कार्यक्रम पुसले गेले. व्हिडिओ टेप महाग, त्यावर पुन्हा नवा कार्यक्रम घ्यायचे. बोवीने जुलै १९७२मध्ये 'स्टारमन' म्हटलं ते वाचलं, म्हणून त्याचा गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर त्याने टाकलेला हात प्रत्येक माहितीपटात दिसतो. जानेवारी १९७३मध्ये त्याने 'द जीन जिनी' म्हटलं ते मात्र पुसलं गेलं. जॉन हेन्शॉल नावाच्या कॅमेरामनने स्वतःसाठी एक प्रत काढून ठेवली होती, ती २०११मध्ये बाहेर आली. म्हणजे २००७मध्ये ही मालिका करणाऱ्यांसाठी ते दृश्य अस्तित्वातच नव्हतं.

शिवाय हक्कांचा खर्च असतो. एखादं गाणं परवडलं नाही म्हणून अख्खं प्रकरण गळतं, आणि प्रेक्षकाला वाटतं की करणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं.

एवढं सगळं सांगूनही थार्पच्या बाबतीत ही सबब चालत नाही हे मी मान्य करतो. ते चित्रीकरण ब्रिटिश टीव्हीचंच आहे. तिथे निवड होती.

तबकडी :

@पडद्यामागे, या प्रतिसादासाठी मनापासून धन्यवाद. 'कॅमेरा जिथे होता तिथेच इतिहास घडला असं भासायला लागतं' हे वाक्य आता कुठलाही माहितीपट बघताना डोक्यात राहील.

घणघणाट :

चौथ्या भागावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी येतो. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. वर्षानुवर्षं समीक्षकांनी मेटलला नाकं मुरडली. इथे त्याला पंक आणि आर्ट रॉकच्या बरोबरीने पूर्ण भाग मिळाला आणि तोही आदराने.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीची हकिकत माहीत नसेल तर ऐका. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १७ वर्षांचा हा पोरगा कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस, बँडसोबत दौऱ्यावर जायचं ठरलेलं. त्या दिवशी यंत्रात हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आता संपलं सगळं असं तो धरून बसलेला असताना कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल करून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, ते सॅबथच्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तबकडीमध्ये ठळक ऐकू येतं. तो जड, खाली ओढणारा आवाज जगभरच्या बँडनी उचलला.

ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेली आहे, आली १३ फेब्रुवारी १९७०ला.

माझी तक्रार एकच : लेड झेपेलिनला पाचव्या भागात टाकलंय, क्वीन आणि किसच्या पंगतीत. पहिल्या भागातला ब्लूज आणि चौथ्या भागातला जडपणा यांना जोडणारा पूल म्हणजे झेपेलिन. त्यांना स्टेडियमच्या खात्यात टाकलं आणि तो पूलच तुटला.

खर्ज :

झेपेलिनबद्दल १०० टक्के सहमत. आणि इथे मला तबकडींच्या मुद्द्यालाही दुजोरा द्यावा लागेल. त्यांच्या 'होल लोटा लव्ह'वर विली डिक्सनने १९८५मध्ये दावा ठोकला होता, त्याच्या 'यू नीड लव्ह'वरून घेतल्याचा. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि आता गाण्याच्या श्रेयात डिक्सनचं नाव असतं. डिक्सन हा शिकागोच्या चेस या ब्लूजच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा कणा होता. बेस वाजवायचा, गाणी लिहायचा, ध्वनिमुद्रणं बसवायचा. त्याच्या गाण्यांवर स्टोन्सही वाढले, क्रीमही. बेसवाला म्हणून मला त्याच्याबद्दल फार वाटतं. पहिल्या भागात त्याला हक्काची जागा द्यायला हवी होती, मग भागाचं नाव काहीही ठेवा.

माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. १९६३ नंतर काहीतरी नवं सुरू झालं. पण त्या नव्याचा हिशेब मांडताना ज्यांचं देणं लागतं त्यांची नावं ठळक लिहायला हवीत.

ढगफुटी :

सातव्या भागाबद्दल एवढंच : स्मिथ्सपासून आर्क्टिक मंकीजपर्यंत सगळं ब्रिटिश. ओअॅसिसचं नेबवर्थ, १९९६, दोन दिवसांत अडीच लाख माणसं, बघायला छान वाटतं. पण 'युग' म्हणावं असं त्यात काय आहे ते मला कळलं नाही. नव्वदच्या दशकानंतर रॉक फक्त इंग्लंडमध्ये उरलं होतं का? हा भाग नसता तरी मालिकेचं काही अडलं नसतं.

रिकामीखुर्ची :

@ढगफुटी, असहमत. स्मिथ्सचा भाग फार सुंदर आहे. जॉनी मारच्या गिटारवर कुणीतरी इतकं प्रेमाने बोलावं यासाठी मी सातवा भाग पुन्हा बघेन.

सुरेलबेसूर :

पंकवर माझा जीव, म्हणून तिसरा भाग मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय. न्यूयॉर्क आणि लंडन आळीपाळीने दाखवायची कल्पना उत्तम. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमधले रमोन्स, ज्यांच्या पहिल्या तबकडीत १४ गाणी आणि सगळी मिळून अर्धा तासही नाही. ४ जुलै १९७६ला ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवतात आणि त्याच रात्री शेफील्डला लंडनचा बँड क्लॅश आपला पहिला जाहीर कार्यक्रम करतो. महिनाभर आधी, ४ जूनला, मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवतात. ऐकायला मूठभर माणसं, पण त्यात पुढच्या जॉय डिव्हिजन बँडचे बर्नार्ड समनर आणि पीटर हूक, आणि कार्यक्रम ठरवला होता बझकॉक्सच्या पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटोने. तारखा वाचताना सुद्धा हृदय धडधडतं माझं.

पण तबकडीचा चष्मा लावून बघितलं तर पंकच्या गोष्टीतही तीच फट आहे. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये तबकड्या लावायचा डॉन लेट्स. तेव्हा पंकच्या तबकड्या निघाल्याच नव्हत्या म्हणण्याइतक्या कमी होत्या, म्हणून तो रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, लावायचा. पंकवाली पोरं रेगेवर वाढली ती अशी. क्लॅशच्या पहिल्याच तबकडीत रेगे गायक ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज' आहे. ऑगस्ट १९७६मध्ये बर्मिंगहॅमला एरिक क्लॅप्टनने मंचावरून स्थलांतरितांच्या विरोधात गरळ ओकली. ज्याचं सगळं वादन काळ्या संगीतावर उभं आहे त्या माणसाने! त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषाविरुद्धची चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बँड आणि एक्स-रे स्पेक्स एकाच मंचावर आले. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, सोमाली वडिलांची मुलगी, दाताला तारा लावून गाणारी. पंकने कुणाला जागा करून दिली ते बघायचं असेल तर तिच्याकडे बघा.

बायकांबद्दलही बोलायला हवं. सात भागांतली मुख्य नावं काढा, पॅटी स्मिथ सोडली तर बाई शोधावी लागते.

घणघणाट :

क्लॅप्टनचं हे माहीत नव्हतं. पहिल्या भागात तो इतका मोठा करून दाखवलाय. वाचून वाईट वाटलं.

जुनाटीव्ही :

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद सलग वाचले. दोन जुन्या मालिका सुचवतो, म्हणजे तुलना करता येईल.

बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या टीव्ही केंद्राने बीबीसीसोबत दहा भागांची मालिका केली होती, १९९५मध्ये अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आली, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये 'डान्सिंग इन द स्ट्रीट' नावाने. रॉबर्ट पामर हा समीक्षक (त्याच नावाचा गायक वेगळा) तिचा मुख्य सल्लागार. त्यात गोष्ट पन्नासच्या दशकातल्या काळ्या आणि गोऱ्या संगीतकारांपासून सुरू होते, सोलला स्वतंत्र भाग आहे, फंकला आहे, आणि हिप-हॉपसुद्धा त्याच गोष्टीचा पुढचा अध्याय म्हणून येतो. हिप-हॉपला रॉकच्या घरात घ्यायला तेव्हा हिंमत लागत होती.

दुसरी टोनी पामरची १९७७ची 'ऑल यू नीड इज लव्ह', १७ भाग. आफ्रिकेपासून निघते, रॅगटाइम, जॅझ, ब्लूज, नाटकातली गाणी, कंट्री अशी सगळी वाट तुडवत रॉक अँड रोलपाशी पोचते ती तेराव्या भागात! आज इतका धीर कुठली वाहिनी धरेल? तिच्यातही उणिवा आहेत, काही मतं जुनाट वाटतात. पण रॉक हे एका लांब नदीचं एक वळण आहे हे तिच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही.

तबकडी :

जुनाटीव्ही, टोनी पामरची मालिका मी तुकड्यातुकड्यांनीच पाहिली आहे, आता पूर्ण बघते.

सहाव्या भागाबद्दल मला लिहायचं राहिलं होतं. आर.ई.एम. आणि निर्वाणा या दोन टोकांमध्ये तो भाग ताणलाय आणि ते जमलंय. जानेवारी १९९२मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, हा क्षण त्या पिढीच्या बाजूने बघताना आनंद होतोच. पण त्या भागातून बाहेर पडताना वाटतं की अल्टरनेटिव्ह म्हणजे गोऱ्या मुलांचंच अंगण होतं. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडने हार्डकोअरला (पंकच्या वेगवान, कडक प्रकाराला) जो वेग दिला तो त्याच्या आधी कुणाकडे नव्हता. चौघेही काळे. लिव्हिंग कलर या काळ्यांच्या बँडची 'व्हिव्हिड' १९८८मध्ये आली. डेट्रॉइटच्या 'डेथ' नावाच्या बँडमध्ये तीन काळे सख्खे भाऊ होते. त्यांनी १९७५मध्ये जे वाजवून ठेवलं ते पंकच होतं, पंक हे नाव रुळायच्या आधी. त्यांची तबकडी नीट बाहेर पडली २००९मध्ये. इथे पडद्यामागे म्हणतात ती अडचण खरी आहे, २००७मध्ये त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पण बॅड ब्रेन्स सगळ्यांना ठाऊक होते.

आणि ही दरी आपोआप पडलेली नाही. एमटीव्ही ही अमेरिकेतली संगीत वाहिनी १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली आणि सुरुवातीची दीड-दोन वर्षं काळे कलाकार तिथे औषधापुरते. १९८३मध्ये त्यांच्याच मुलाखतीत बसून डेव्हिड बोवीने निवेदकाला विचारलं होतं की काळे कलाकार इतके कमी का दाखवता. ते चित्रीकरण उपलब्ध आहे. बोवी शांतपणे, अगदी सभ्यपणे प्रश्न लावून धरतो आणि समोरचा माणूस उत्तरं शोधत राहतो. रॉक गोरं आहे ही समजूत अशी रोजच्या कार्यक्रमांतून, कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही यातून तयार झाली.

मध्यलय :

सगळ्यांचं पटतंय, तरी एक विचारतो. प्रत्येक मालिकेला चौकट लागते. सात तासांत सगळे कसे बसवणार? अशी नावं काढत गेलो तर कुठलाच माहितीपट पुरा पडणार नाही. करणाऱ्यांवर आपण अन्याय तर करत नाही ना?

तबकडी :

मध्यलय, प्रश्न रास्त आहे. मला आणखी नावं नकोच आहेत. मला सुरुवात वेगळी हवी आहे, आणि ती दोन मिनिटांत करता आली असती.

मे १९६५. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'शिंडिग' नावाचा तरुणांचा संगीताचा कार्यक्रम. रोलिंग स्टोन्सना बोलावणं. त्यांनी अट घातली की काळा ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही कार्यक्रमात घ्या. स्टोन्सचा ब्रायन जोन्स त्याची ओळख करून देतो, सांगतो की हा आमच्या दैवतांपैकी एक. मग तो अवाढव्य माणूस सुटाबुटात पुढे येतो, 'हाउ मेनी मोअर इयर्स' गायला लागतो, आणि स्टोन्स त्याच्या पायाशी जमिनीवर बसून ऐकतात. अमेरिकेतल्या लाखो घरांत, त्यांच्याच देशातला हा कलाकार, इंग्लंडच्या पोरांच्या आग्रहाखातर पोचला.

याच दृश्याने पहिला भाग सुरू झाला असता तर? लंडनचं श्रेय लंडनला मिळालं असतं, खर्ज म्हणतात ते. वुल्फ समकालीन म्हणून दिसला असता, कोमलरिषभ म्हणते ते. चित्रीकरण आहे, म्हणजे पडद्यामागे यांची अडचण नाही. आणि पुढचे सात तास बघणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं असतं की कोण कुणाच्या पायाशी बसलं होतं. यात कुठलंही नाव कापावं लागत नाही.

मध्यलय :

हे पटलं. चौकट तीच, दार वेगळं.

पडद्यामागे :

संकलक म्हणून सांगतो, ही सुरुवात कागदावरच उभी राहते. 'शिंडिग'चं ते दृश्य मी पुन्हा बघितलं. कॅमेरा वुल्फवरून स्टोन्सच्या चेहऱ्यांकडे जातो तिथे कापायची गरजच नाही.

सांजसकाळ :

मी आता पूर्ण मालिका बघायला घेतेय. क्रमाने बघू का? इथलं सगळं वाचल्यावर कुठून सुरुवात करू कळेना.

तबकडी :

सांजसकाळ, आधी विल्ब्रॅहम रोडचं थार्पचं चित्रीकरण तू बघितलंच आहेस, त्याला 'शिंडिग'मधला वुल्फ जोड. मग पहिला भाग. त्यानंतर चौथा बघ, म्हणजे ब्लूज ते सॅबथ ही वाट ताजी राहील, आणि झेपेलिनसाठी पाचव्याचा पहिला निम्मा. मग पंक आणि लगेच अल्टरनेटिव्ह, तिसरा आणि सहावा, ते एकमेकांचे सख्खे आहेत. तू दुसरा पाहिलाय, तो हवा तेव्हा पुन्हा बघ. सातव्याबद्दल ढगफुटी आणि रिकामीखुर्ची यांचं एकमत होईपर्यंत थांबू नकोस, स्मिथ्ससाठी तरी बघच.

आणि बघून झालं की इथे येऊन लिही. पहिला भाग तुला कसा दिसतो ते वाचायचंय मला.